पीपी-नॅनोक्ले : ५ टक्के क्ले घालूनही मॉड्युलस वाढत नाही, दाणा पिवळा पडतो

दाणेवाला_चाकण

नमस्कार मंडळी,

गाडीच्या आतल्या ट्रिमसाठी टाल्क (खनिज पावडर) भरलेल्या पीपीऐवजी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) हलकं मटेरियल चालेल का, ते तपासायचं आहे. त्यासाठी पीपी आणि ऑर्गॅनोक्लेचं (सेंद्रिय प्रक्रिया केलेल्या थरदार मातीचं) कंपाउंड बनवतो आहोत. तपशील असे:

पीपी होमोपॉलिमर, एमएफआय (वितळल्यावर वाहण्याचा निर्देशांक) ११. क्ले म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट, त्यावर डायमिथाइल डायहायड्रोजनेटेड टॅलो क्वाटर्नरी अमोनियमची प्रक्रिया केलेली. डेटाशीटवर थरांतलं अंतर २.४२ नॅनोमीटर. प्रमाण ५ टक्के. सोबत कपलिंग एजंट म्हणून मॅलेइक अनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पीपी २ टक्के. को-रोटेटिंग ट्विन स्क्रू, एल/डी (स्क्रूची लांबी भागिले व्यास) ४०, झोन १९० पासून डायपर्यंत २३०, स्क्रू ४०० आरपीएम. सगळं टंबलरमध्ये एकत्र करून मुख्य हॉपरमधूनच सोडतो. अँटिऑक्सिडंट वेगळं घातलेलं नाही, पीपीत असेल तेवढंच.

निकाल: टेन्साइल मॉड्युलस (ओढीतला कडकपणा) १.४५ वरून जेमतेम १.५६ गिगापास्कल. नॉच्ड आयझॉड (खाच पाडलेल्या पट्टीची आघात चाचणी) २८ वरून १९ जूल प्रति मीटर. दाणा पिवळसर, डायपाशी मासळीसारखा वास. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन) कच्च्या क्लेचा पीक ३.६५ अंशांवर (टू-थीटा, कॉपर ट्यूब), कंपाउंडचा ६.२ अंशांवर. स्कॅन ३ अंशांपासून सुरू केला होता.

क्लेची टक्केवारी वाढवू, की कपलिंग एजंट बदलू? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

थर_आणि_चळत

दोन्हीही इतक्यात नको. आधी रंग, वास आणि एक्सआरडी एकत्र ठेवून बघा. तिन्ही एकाच कारणाकडे बोट दाखवत आहेत.

ब्रॅगचं गणित (पीकच्या कोनावरून थरांतलं अंतर) मांडू. ३.६५ अंश म्हणजे २.४२ नॅनोमीटर, डेटाशीटशी जुळतं. ६.२ अंश म्हणजे १.४२ नॅनोमीटर. क्लेचा एक थर स्वतःच जवळजवळ ०.९६ नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे दोन थरांमधली मोकळी जागा आधी १.४६ होती, ती ०.४६ वर आली. पॉलिमरची साखळी आत शिरली असती तर अंतर वाढलं असतं आणि पीक डावीकडे सरकला असता. तुमचा उजवीकडे गेलाय. गॅलरी, म्हणजे थरांमधली ही जागा, उघडायच्या ऐवजी मिटली आहे.

असं होण्याचं नेहमीचं कारण हॉफमन एलिमिनेशन. थरांमध्ये बसवलेलं क्वाटर्नरी अमोनियम साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपासून तुटायला लागतं. त्यातून लांब साखळीचं अल्कीन आणि टर्शरी अमाइन बाहेर पडतं (तो वास अमाइनचाच) आणि क्लेच्या पृष्ठभागावर एक प्रोटॉन मागे राहतो. आता ती क्ले आम्लधर्मी झाली. ती पीपीच्या ऑक्सिडेशनला हातभार लावते, साखळ्या तुटतात, रंग येतो. कंपाउंडचा एमएफआय काढून बघा. क्ले घातल्यावर तो थोडा खाली यायला हवा. तुमचा वर गेला असेल तर साखळ्या तुटल्या हे नक्की.

शिवाय झोनवर लावलेलं तापमान म्हणजे मेल्टचं तापमान नव्हे. ४०० आरपीएमला नीडिंग ब्लॉकपाशी (स्क्रूवरचे मळणारे भाग) मेल्ट सेटिंगच्या १५-२० अंश वर सहज जातं. पर्ज (मशीनमधून बाहेर सोडलेलं मेल्ट) काढून त्यात लगेच हॅंड प्रोब खुपसा आणि आकडा इथे द्या.

एक खात्री मात्र करून घ्या. ६.२ चा पीक कधीकधी दुसऱ्या क्रमाचा असतो. गॅलरी थोडी उघडून अंतर २.८४ नॅनोमीटर झालं असेल, तर पहिला पीक ३.१ अंशांवर आणि दुसरा बरोबर ६.२ वर येतो. तुमचा स्कॅन ३ वरून सुरू होतो, त्यामुळे पहिला पीक अगदी कडेला, थेट बीमच्या उतारात हरवू शकतो. बारीक स्लिट लावून १.५ अंशांपासून पुन्हा स्कॅन करा. आणि कच्ची क्ले एकटीच २३० अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवून तिचाही एक्सआरडी काढा. ती एकटीसुद्धा ६ च्या आसपास येत असेल तर वाद संपला.

---

राखेचा_हिशेब

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात भर: तुमच्या दाण्यात ५ टक्के क्ले नाहीच.

या ग्रेडच्या ऑर्गॅनोक्लेत वजनाने साधारण ३८ टक्के सेंद्रिय भाग असतो. खनिज उरतं ६२ टक्के. ५ टक्के पावडर घातली म्हणजे खरं खनिज ३.१ टक्के. पीपीची घनता ०.९०५ आणि थरांची २.७ धरली तर आकारमानाने फक्त १.०६ टक्के. निबंध वाचताना हे नेहमी तपासावं लागतं. कुणी पावडरची टक्केवारी देतं, कुणी खनिजाची, आणि आपण दोन्हींची तुलना करत बसतो.

तेवढं तरी सगळीकडे सारखं जातंय का? ही पावडर फार हलकी. सुटी भरली तर लिटरला १२० ग्रॅमच्या आसपास, ठोकून बसवली तर २२०. जाड दाण्याबरोबर टंबलर करून हॉपरमध्ये टाकली की थरथरीने ती वेगळी होते आणि मशीनमध्ये सुरुवातीला एक प्रमाण जातं, शेवटी दुसरंच. म्हणून राख काढा. बॅचच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा दाणा, प्रत्येकी ५ ग्रॅम, आधी बर्नरवर धूर संपेपर्यंत जाळून मग ९०० अंशांच्या मफल भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत. ९०० अशासाठी की ६००-७०० च्या पट्ट्यात क्लेचं संरचनेतलं पाणी निघत असतं. मधल्याच तापमानाला थांबलात तर आकडा हलत राहतो. त्याच तापमानाला कच्च्या क्लेचीही राख काढा आणि भागाकार तिच्याशी करा.

कपलिंग एजंट २ टक्के कमी आहे. क्लेच्या निदान बरोबरीने हवं. सुरुवात दुपटीने करा. पीपी अध्रुवीय, त्याला क्लेच्या ध्रुवीय पृष्ठभागाशी काही देणंघेणं नाही. मधला दुवा हे ग्राफ्टेड पीपीच आहे. पण ते निवडताना फक्त मॅलेइकची टक्केवारी बघू नका. जास्त ग्राफ्ट झालेले ग्रेड बहुधा कमी रेणुभाराचे असतात. ते गॅलरीत झटकन शिरतात आणि मॅट्रिक्सही मऊ करतात. ०.५ ते १ टक्का ग्राफ्टिंग आणि बरा रेणुभार, हा पल्ला चांगला.

१० किलोसाठी, खनिज ३ टक्के धरून, असं मांडा:

ऑर्गॅनोक्ले ४८४ ग्रॅम
ग्राफ्टेड पीपी ९६८ ग्रॅम
पीपी ८५१३ ग्रॅम
फिनॉलिक अँटिऑक्सिडंट १० ग्रॅम, फॉस्फाइट २० ग्रॅम
कॅल्शियम स्टिअरेट ५ ग्रॅम, सुटलेलं आम्ल पकडण्यासाठी

हे एका फेरीत करू नका. आधी मास्टरबॅच (जास्त क्लेचं घट्ट मिश्रण) करा: सगळी क्ले, सगळं ग्राफ्टेड पीपी, ४८४ ग्रॅम पीपी आणि अँटिऑक्सिडंटचा निम्मा भाग. वजन १.९५ किलोच्या आसपास भरेल. पीपी आणि ग्राफ्टेड पीपी शक्यतो पावडर स्वरूपात घ्या, म्हणजे क्ले वेगळी होणार नाही. मग उरलेल्या पीपीत लेट-डाउन, म्हणजे ते मिसळून पातळ करणं. क्ले आधी ८० अंशांवर ४-६ तास सुकवा आणि पिशवी उघडी ठेवू नका.

---

बॅरल_झोन_सात

मशीनच्या बाजूने सांगतो.

क्ले मुख्य हॉपरमधून घालू नका. तिथे दाणा अजून घन असतो. कोरडी पावडर घन दाण्यांमध्ये दाबली गेली की तिच्या घट्ट गुठळ्या होतात आणि त्या पुढे कुठल्याही ब्लॉकने फुटत नाहीत. पीपी आणि ग्राफ्टेड पीपी आधी पूर्ण वितळू द्या, मग साइड फीडरने क्ले सोडा. साइड फीडरच्या वरच्या बाजूला हवेसाठी उघडा व्हेंट ठेवा. इतक्या हलक्या पावडरीबरोबर हवा प्रचंड येते. तिला वाट मिळाली नाही तर ती फीडरमधूनच उलटी फुंकते आणि फीड तुटत राहतं. साइड फीडर नसेल तरच वर सांगितलेला पावडरचा मार्ग.

स्क्रूबद्दल बहुतेकांचा समज असा की जितकं जास्त शिअर तितकं चांगलं. थरांच्या चळती मोडायला शिअर लागतं, हे खरं. पण एकेक थर सुटा होण्याचं काम वेळेचं आहे. साखळीला कडेने आत शिरायला सवड मिळावी लागते. म्हणून साइड फीडनंतर ४५ अंशांचा मध्यम रुंदीचा एक नीडिंग गट, मग साधे मिक्सिंग एलिमेंट, पुन्हा एक गट आणि शेवटी एकच डावा एलिमेंट (मेल्ट मागे ढकलणारा), म्हणजे मधला भाग भरलेला राहतो. ९० अंशांचे रुंद ब्लॉक एकापाठोपाठ लावलेत तर तापमान तिथेच उडी मारेल आणि हॉफमनला आमंत्रण जाईल.

सेटिंग: वितळण्याच्या झोनला २००, क्ले आल्यानंतर १७५-१८५, डाय १९०. आरपीएम २५० ते ३००. थ्रूपुट सध्याच्या दोनतृतीयांश करून बघा. मुक्काम वाढवायचा तर आरपीएमपेक्षा थ्रूपुट कमी केल्याने जास्त फरक पडतो. मेल्ट २१० च्या वर गेलं की आरपीएम उतरवा, झोन नव्हे. उष्णता हीटरमधून येत नाहीये, स्क्रूमधून येतेय. डायच्या आधीचा व्हॅक्यूम व्हेंट चालू हवा, सुटलेलं अमाइन तिथूनच ओढलं जातं.

आणि डायवर एक्झॉस्ट हुड लावाच. अमाइनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. क्ले ओतणाऱ्या माणसाला कापडी मास्क चालणार नाही, पार्टिक्युलेट रेस्पिरेटर द्या. नैसर्गिक बेंटोनाइटमध्ये थोडं क्वार्ट्झ राहू शकतं, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

---

दाणेवाला_चाकण

सर्वांचे मनापासून आभार. तपासण्या करून आकडे देतो आहे.

१.५ अंशांपासून स्कॅन केला, ३.१ वर काहीही नाही. ६.२ चा पीक तसाच, जरा पसरट. कच्ची क्ले ओव्हनमधून काढल्यावर ६.३. मेल्टचं तापमान प्रोबने २४७. एमएफआय ११ वरून १६. राख, खनिजाच्या हिशेबाने: सुरुवातीला २.१, मध्ये ३.०, शेवटी ४.३ टक्के.

टेस्ट बार कुठल्या दाण्यातून काढले याची नोंद नाही. नवी बॅच घेताना डिस्पर्शन (क्लेचं पसरणं) सुधारलं हे कशावरून ठरवावं? टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) दर वेळी परवडणार नाही.

---

थर_आणि_चळत

२४७ ला क्ले टिकणार नव्हतीच. उरलेलं राखेने सांगितलं, २.१ आणि ४.३ च्या दाण्यांचे बार एकमेकांशी ताडूनही उपयोग नाही.

डिस्पर्शनसाठी स्वस्तापासून महागाकडे जा.

प्रेसवर २०० अंशांना १०० मायक्रॉनची फिल्म काढा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. डोळ्यांना ठिपके दिसले तर ते ५० मायक्रॉनच्या वरचे. तिथेच बॅच नापास, पुढचा खर्च नको. तुमचा आयझॉड याच गुठळ्यांनी पाडला असण्याची दाट शक्यता आहे; नॉचजवळ एक गुठळी आली की तडा तिथून सुरू होतो.

ठिपके नसतील तर रिओमीटर (मेल्टचं वाहणं मोजणारं यंत्र). पॅरलल प्लेट, २०० अंश, नायट्रोजन, १०० पासून ०.०१ रेडियन प्रति सेकंदापर्यंत. साध्या पीपीचा स्टोरेज मॉड्युलस (मेल्टचा लवचीक भाग) कमी फ्रिक्वेन्सीला जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात घसरतो, लॉग-लॉग आलेखावर उतार २ कडे झुकतो. थर चांगले सुटले असतील तर ते एकमेकांना अडून जाळं करतात आणि तो उतार सपाट होत जातो. मला हा एक्सआरडीपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण एक-दोन मिलिमीटर जाडीच्या अख्ख्या चकतीची सरासरी मिळते.

एक्सआरडीत पीक नाहीसा झाला म्हणून लगेच आनंद नको. थर सुटे झाले तरी पीक जातो, वेडेवाकडे पसरले तरी जातो आणि क्ले कमी पडली तरी जातो. नमुना प्रेस केलेली चकती घ्या, मोल्ड केलेला बार नको. बारच्या सालीत थर प्रवाहाच्या दिशेने निजतात आणि पीकची उंची फसवते.

टीईएम शेवटच्या निवडलेल्या बॅचचंच करा. पीपीचा काप ७०-८० नॅनोमीटरचा हवा आणि तो क्रायोमध्ये, उणे ४० च्या खाली. साध्या तापमानाला पीपी मऊ असतं, सुरी थर ओढून नेते आणि दिसतं ते सुरीचं काम.

---

मॉड्युलस_मास्तर

तुमचे आकडे हाल्पिन-त्साई समीकरणात (भरणीवरून मॉड्युलसचा अंदाज) घालून बघितले. खनिज आकारमानाने १.०६ टक्के, थराचा मॉड्युलस १७८ गिगापास्कल (साहित्यात नेहमी वापरतात तो), मॅट्रिक्स १.४५.

लांबी-जाडीचं गुणोत्तर ५ धरलं तर मॉड्युलस १.११ पट. २० धरलं तर १.३३ पट, म्हणजे १.९३. ५० धरलं तर १.५९ पट, म्हणजे २.३०.

तुमचा १.५६ म्हणजे १.०८ पट, गुणोत्तर ३-४ भरतं. क्ले तुमच्या बारमध्ये जाड्याभरड्या पावडरीसारखी बसली आहे, पत्र्यांसारखी नाही. टक्केवारी वाढवण्याचा प्रश्न इथेच निकाली निघतो. गुणोत्तर ३ असताना क्ले दुप्पट केली तरी १.१५ पटीच्या आसपास अडकाल आणि इम्पॅक्ट आणखी जाईल.

नव्या बॅचला १.८ ते २.० आले तर ते चांगलं काम समजा. समीकरण सगळे थर ओढीच्या दिशेने धरतं, प्रत्यक्षात ते तसे नसतात; आणि ग्राफ्टेड पीपीही थोडा मॉड्युलस खातं. म्हणून तुलना साध्या पीपीशी करू नका. पीपीत तेवढंच ग्राफ्टेड पीपी, तेच स्टॅबिलायझर, त्याच मशीनमधून तितक्याच फेऱ्या, फक्त क्ले नाही, असा एक कोरा नमुना काढा. तो नसेल तर क्लेमुळे काय झालं आणि प्रक्रियेमुळे काय, हे कधीच वेगळं करता येणार नाही.

---

घनता_आणि_भाव

विषय ट्रिमचा आहे म्हणून एक मुद्दा. २० टक्के टाल्कच्या पीपीची घनता १.०४५ येते, तुमच्या ५ टक्के ऑर्गॅनोक्लेच्या कंपाउंडची ०.९३ च्या जवळ. भिंत तेवढीच ठेवली तर भाग ११ टक्के हलका. पण टाल्कचं ते कंपाउंड साधारण २.५ गिगापास्कल देतं. तुम्ही २.० वर थांबलात तर वाकण्याचा कडकपणा सारखा ठेवायला भिंत घनमुळाच्या हिशेबाने जवळपास ८ टक्के जाड करावी लागेल. ती जादा जाडी धरली की ११ पैकी हाती ४ टक्केच उरतात. भाग कडकपणावर डिझाइन झालाय की ताकदीवर, हे ग्राहकाकडून आधी लेखी घ्या.

हे अशक्य आहे असं मुळीच म्हणत नाही. जनरल मोटर्सने २००२ च्या सफारी आणि ॲस्ट्रो व्हॅनच्या स्टेप-असिस्टला (चढायच्या पायरीला) टीपीओ-क्ले (पीपी-रबराच्या मिश्रणात क्ले) वापरलं होतं. त्याआधी टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये हे करून दाखवलं: ५ टक्क्यांपेक्षा कमी क्लेवर मॉड्युलस १.१ वरून २.१ गिगापास्कल आणि हीट डिस्टॉर्शन तापमान ६५ वरून १५२ अंश. पण त्यांनी क्ले वितळलेल्या प्लास्टिकमध्ये घुसळली नव्हती. कॅप्रोलॅक्टम थरांमध्ये भरून तिथेच पॉलिमर घडवला. साखळी वाढत गेली तसे थर आपोआप दूर ढकलले गेले. शिवाय नायलॉन मुळातच ध्रुवीय. ते आकडे पीपीकडून मागू नयेत.

---

बॅरियर_फिल्म

वरच्या हिशेबाशी सहमत, पण फक्त मॉड्युलसवर नॅनोक्लेचं मोजमाप केलं तर तिच्यावर अन्याय होतो. वायू अडवण्यात तिची खरी ताकद आहे. निल्सनच्या झिरपेच्या सूत्रात १ टक्का आकारमान आणि गुणोत्तर १०० घाला, ऑक्सिजनची झिरप ३४ टक्के कमी होते. गुणोत्तर १० घाला, जेमतेम ६ टक्के. तीच क्ले, तेवढंच वजन, फरक सुट्या थरांचा. पॅकेजिंगमध्ये नायलॉन-क्ले याच कारणाने वापरतात.

आगीबाबत मात्र ग्राहकाला चुकीचं वचन देऊ नका. कोन कॅलरीमीटरमध्ये (जळताना निघणारी उष्णता मोजणारं यंत्र) उष्णतेचा कमाल दर बराच खाली येतो, कारण पृष्ठभागावर क्लेची साय धरते. एकूण उष्णता फारशी बदलत नाही आणि पेट घ्यायला बहुधा आधीपेक्षा कमी वेळ लागतो, कारण ते सेंद्रिय अमोनियम आधी पेटतं. नुसत्या क्लेवर उभ्या पट्टीच्या चाचणीत व्ही-झिरो (ज्वाला लवकर विझण्याचा वरचा दर्जा) मिळत नाही. ज्वालारोधक कमी लागावं म्हणून जोडीला घ्यायची असेल तर ठीक.

ट्रिम डॅशबोर्डच्या वर, उन्हात येणार असेल तर यूव्ही स्टॅबिलायझरचं प्रमाण नव्याने ठरवा. क्ले ते पृष्ठभागावर शोषून घेते आणि तिच्यातलं लोह प्रकाशात ऑक्सिडेशन वाढवतं. साध्या पीपीला पुरणारा डोस इथे पुरत नाही. वेदरिंगचे नमुने नव्या बॅचमधूनच लावा आणि मास्तरांनी सांगितलेला क्ले नसलेला कोरा नमुनाही त्यांच्या शेजारी ठेवा. पिवळ्या दाण्याचे बार आत्ता लावलेत तर यूव्हीने किती बिघडवलं आणि २४७ अंशांनी किती, हे कळणार नाही.